एकास सोळा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गेल्या दिवाळीपासून आगगाडीचे एक इंजिन उभे आहे. मागचा टेंडर सोडला तर ते दीड वितीत बसते. धुराडे मात्र अंगाच्या मानाने भलतेच उंच. घरी येणारा प्रत्येक जण आधी ते हातात घ्यायला जातो आणि मग दोन प्रश्न विचारतो. ‘चालतं का?’ हा पहिला आणि ‘खर्च किती आला?’ हा दुसरा. बँकेतला माझा एक जुना सहकारी आला होता. त्याने हे दोन्ही प्रश्न ओलांडून ‘विकायला काढलंस तर काय येईल?’ असे थेटच विचारले. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा संस्कार, दुसरे काय! पण पाच वर्षे खपून हे इंजिन केल्यावर मला ज्या प्रश्नाची अपेक्षा होती, तो अजून कुणी विचारलेला नाही. तो प्रश्न असा: हे इंजिन असेच होते, हे तुम्हाला कसे कळले?

त्या प्रश्नाबद्दलच आज लिहायचे आहे. इंजिनाबद्दलही लिहिणार अर्थात, कारण तो विषय निघाला की मला थांबवणे कठीण असते असे आमच्या घरात सर्वानुमते ठरलेले आहे.

इंजिन आहे ‘रॉकेट’. १८२९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात ते तयार झाले. लिव्हरपूल ते मँचेस्टर असा लोहमार्ग होत आला होता आणि त्यावर गाड्या ओढायच्या कशाने, यावर कंपनीच्या संचालकांत एकमत होत नव्हते. जागोजागी स्थिर इंजिने बसवून दोरखंडाने गाड्या ओढाव्यात असे म्हणणारे शहाणे लोक पुष्कळ होते. शेवटी पाचशे पौंडांचे बक्षीस लावून ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल या ठिकाणी चालत्या इंजिनांची स्पर्धा घेतली. इंजिन सहा टनांहून जड नको, किंमत साडेपाचशे पौंडांवर नको, वाफेचा दाब चौरस इंचाला पन्नास पौंडांवर नको, आणि स्वतःच्या तिप्पट वजन ताशी दहा मैलांनी ओढता आले पाहिजे, अशा अटी. एकाने तर पट्ट्यावर घोडा चालवून यंत्र फिरवण्याची शक्कल आणली होती. प्रेक्षकांचे लाडके होते ‘नॉव्हेल्टी’ नावाचे चपळ इंजिन, पण ते वाटेत मोडले. पावणेदोन मैलांच्या पट्ट्यावर पुढे-मागे करीत सुमारे सत्तर मैलांची चाचणी पुरी केली ती एकट्या ‘रॉकेट’ने.

जगातले हे पहिले इंजिन नव्हे. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ साली वेल्समध्ये रुळांवरून वाफेचे इंजिन चालवून दाखवले होते, आणि स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर १८२५ पासून ‘लोकोमोशन’ धावत होते. ‘रॉकेट’चे महत्त्व वेगळ्या जागी आहे. ते मला पुस्तकातून कळले होते, पण नीट समजले ते पुण्याच्या तांबट आळीत.

मी बॉयलरसाठी तांब्याचा पत्रा वळवून घ्यायला गेलो होतो. कारागीर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला.

‘काका, यात पाणी तापवायचं ना?’

‘हो.’

‘मधून जाळ जाणार?’

‘हो.’

‘मग बंबच की हा! आडवा केलाय इतकंच.’

अगदी खरे. ज्यांच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना जुन्या इंजिनाचा बॉयलर समजावून सांगण्याची गरज नाही. मधोमध एक नळकांडे, त्यात जाळ आणि भोवती पाणी. ‘रॉकेट’च्या आधीची बरीच इंजिने अशीच होती: पिंपातून गेलेला एक रुंद नळ, फार तर तो आत वळवून परत आणलेला. पाणी तापायचे, पण सावकाश. बरीचशी उष्णता धुराड्यातून उडून जायची. रेल्वे कंपनीचा हेन्री बूथ नावाचा एक अधिकारी होता, हिशेब आणि पत्रव्यवहार पाहणारा माणूस. त्याने सुचवले की एका नळाऐवजी पुष्कळ बारीक नळ्या घाला. (इंजिनाच्या इतिहासातली ही मोठी कल्पना टेबलावर बसणाऱ्या माणसाची आहे, हे मी घरी आणि बाहेर अनेकदा सांगत असतो.) स्टीफन्सन पितापुत्रांनी तीन इंच व्यासाच्या पंचवीस तांब्याच्या नळ्या घातल्या. आता हिशेब करा. एक फूट व्यासाच्या एका नळाचा परीघ अडतीस इंच भरतो. तीन इंची पंचवीस नळ्यांचे परीघ मिळून दोनशे पस्तीस इंच. जाळ तोच, पाण्याला भिडणारे तांबे सहापट. सहा फूट लांबीच्या त्या बॉयलरमध्ये नुसत्या नळ्यांचाच तापणारा पृष्ठभाग सुमारे एकशे अठरा चौरस फूट झाला. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जगभर वाफेची इंजिने झाली, ती याच तत्त्वावर.

‘पंचवीस नळ्यांचा बंब!’ कारागीर म्हणाले. ‘डाक द्यायला मरण आहे, काका.’

तेही खरे ठरले. माझे प्रमाण एकास सोळा, म्हणजे मुळातल्या एका फुटाला पाऊण इंच. बॉयलर सहा फुटांचा, तो झाला साडेचार इंच. व्यास तीन फूट चार इंच, तो अडीच इंच. पुढची मोठी चाके चार फूट साडेआठ इंचांची. रुळांमधले अंतरही नेमके तेवढेच. ती दोन्ही मापे माझ्याकडे साडेतीन इंचांहून केसभर जास्त आली. आठ इंची सिलिंडर अर्ध्या इंचाचा. आणि तीन इंची नळी म्हणजे तीन-सोळांश इंच, बॉलपेनच्या रिफिलीहून थोडी जाड. अशा पंचवीस नळ्या, दोन्ही टोकांना चांदीचा डाक देऊन, एकही न गळता बसवायच्या. पहिला बॉयलर हातपंपाने पाणी भरून दाबाखाली तपासला तेव्हा त्यातून अकरा ठिकाणी पाणी आले. दुसऱ्यातून तीन ठिकाणी. तिसरा टिकला. न्यूकॅसलमध्ये खुद्द रॉबर्टच्या बॉयलरची टोके पाण्याच्या दाबाने फुगली होती आणि आतून आणखी सळ्यांचा ताण द्यावा लागला होता. त्याने बूथला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. ती वाचल्यावर माझ्या अकरा गळत्यांचे दुःख हलके झाले.

प्रमाण हा प्रकार पहिल्यांदा वाटतो तितका सरळ नाही. लांबी सोळावा हिस्सा केली की पृष्ठभाग दोनशे छप्पन्नावा होतो आणि वजन चार हजार शहाण्णवावे. मूळ ‘रॉकेट’ सव्वाचार टनांचे. हिशेबाने माझे एक किलो पन्नास-साठ ग्रॅम भरायला हवे. ते भरते एक किलो तीनशे, कारण सुरक्षिततेसाठी मी पत्रा जाड घेतला. निसर्गाला मात्र सोळाने भागता येत नाही. लहान बॉयलरमध्ये पाणी कमी आणि अंग मोठे, म्हणून तो पटकन निवतो. बारीक नळीतून जाळ नीट ओढला जात नाही. त्यामुळे छोटी इंजिने खऱ्या वाफेवर चालवणारे जाणकार सरळ नळ्यांची संख्या कमी करून त्या रुंद घेतात. इथे निवड करावी लागते: चालणारे इंजिन हवे की होते तसे हवे? मी पंचवीस नळ्या ठेवल्या. म्हणून ‘चालतं का?’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘हवेवर चालतं’ असे येते आणि विचारणाऱ्याचा चेहरा थोडा पडतो.

पण ‘होते तसे’ म्हणजे कसे? खरी गोष्ट इथून सुरू होते.

२०११ साली मुलीकडे लंडनला गेलो होतो. तेव्हा ‘रॉकेट’ तिथल्या सायन्स म्युझियममध्ये होते. (२०१८ मध्ये त्याने लंडन सोडले आणि ते उत्तर इंग्लंडात गेले.) चित्रांतले ‘रॉकेट’ मला पाठ होते: पिवळाधमक बॉयलर, पांढरे धुराडे, तिरके उभे सिलिंडर. समोर होता एक काळाठिक्कर लोखंडी सांगाडा. पिवळा रंग औषधालाही नाही. सिलिंडर जवळजवळ आडवे. मागची तांब्याची अग्निपेटी जागेवर नाही. ‘बाबा, हेच का ते?’ मुलीने हळूच विचारले. मला उत्तर देता येईना.

हेच ते आणि हे ते नव्हे, दोन्ही खरे होते. स्पर्धा जिंकल्यावर या इंजिनाला कुणी काचेच्या पेटीत ठेवले नाही, कामाला जुंपले. १५ सप्टेंबर १८३० रोजी मार्गाचे उद्घाटन झाले, त्या दिवशी पार्कसाइडपाशी विल्यम हस्किसन हे संसद सदस्य याच ‘रॉकेट’खाली सापडून मरण पावले. रेनहिलला सिलिंडर सुमारे अडतीस अंशांत तिरके होते. त्यामुळे वेगात इंजिन डुलायचे, म्हणून थोड्याच काळात ते खाली आणून जवळजवळ आडवे केले. पुढे धुराड्याच्या बुडाशी नवी पेटी आली. १८३६ साली ते कंबरलँडमधल्या एका खाणीच्या रेल्वेला विकले गेले, तिथे राबले, निकामी झाले, आणि १८६२ साली संग्रहालयात पोचले. संग्रहालयात जे आहे ते खरे आहे, पण ते म्हातारपणीचे आहे. आपण ज्याची चित्रे पाहतो ते तरुण ‘रॉकेट’ फक्त ऑक्टोबर १८२९ च्या आसपास काही काळ अस्तित्वात होते.

म्हणजे प्रतिकृती करणाऱ्याला आधी तारीख ठरवावी लागते. मी रेनहिलचा आठवडा ठरवला आणि मग पुराव्यांच्या मागे लागलो. स्पर्धेच्या वेळची वर्णने आणि चित्रे आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत. नंतरच्या लोकांनी पूर्णाकृती नकला केल्या. हेन्री फोर्डने १९२९ साली आपल्या अमेरिकेतल्या संग्रहालयासाठी एक करवून घेतली, स्पर्धेच्या दीडशेव्या वर्षी १९७९ मध्ये इंग्लंडात एक चालती झाली. त्या प्रत्येकीत त्या त्या काळाची समजूत उतरली आहे. मग १९९९ साली मायकेल बेली आणि जॉन ग्लिथेरो या दोघांनी मूळ सांगाड्याची बारकाईने तपासणी केली. कुठे जुने भोक बुजवले आहे, कुठला भाग नंतरचा आहे, हे पाहत पाहत इंजिनाचे अख्खे आयुष्य त्यांनी लोखंडावरून वाचले आणि २००० साली अहवाल काढला. माणसाचे चरित्रसुद्धा इतके सचोटीने क्वचित लिहिले जाते. निदान मराठीत तरी.

या सगळ्याचा मी केलेला उपयोग बँकेतल्या माणसाला शोभेल असाच होता. एक लांबलचक खतावणी घातली. प्रत्येक भागाला एक नोंद: माप, ते कुठून घेतले, आणि त्याचा आधार किती पक्का. बॉयलरची लांबी, नळ्यांची संख्या, चाकांचा व्यास यांना पक्के व्हाउचर आहे. ड्रायव्हरच्या पायाशी एक पेडल असे; त्याने आसावरचे एक्सेंट्रिक सरकवून इंजिन पुढे की मागे ते ठरवायचे. ती रचना समजून घेऊन करायला मला सात महिने लागले, पण आधार आहे. चाकांचे आरे लाकडी होते. माझे आजीच्या पलंगाच्या खुराच्या सागवानाचे आहेत, आणि तसे प्रामाणिकपणे नोंदवले आहे. आणि जिथे काहीच आधार सापडला नाही, ती नोंद उचंत खात्यात.

बँकेत न राहिलेल्यांसाठी सांगतो. ज्या रकमेचा धनी लगेच सापडत नाही ती उचंत खात्यात टाकतात. आम्ही सगळे ‘सस्पेन्स’च म्हणत असू. तिथे रक्कम टाकणे हा गुन्हा नाही. ती तिथेच विसरून जाणे हा गुन्हा, आणि ताळा जुळावा म्हणून ती भलत्याच खात्यात जिरवणे हा त्याहून मोठा. मी नोकरीला लागलो तेव्हा, १९८२ साली, एका रुपयाचा फरक निघाला तर अख्खी शाखा रात्री दहापर्यंत बसे. खिशातून रुपया काढून टाकायची सोय नव्हती, कारण प्रश्न रुपयाचा नसे.

‘एवढा एक बोल्ट चुकला तर कोण येणार आहे ऑडिटला?’ असे सौभाग्यवती विचारतात. बरोबर आहे. कुणीही येणार नाही. पण माझ्या आत दोन माणसे राहतात आणि त्यांचे पटत नाही. एक अधिकारी, तो म्हणतो व्हाउचर दाखवा. दुसरा कादंबरीकार, तो म्हणतो, अहो, इथे काहीतरी असणारच, एक सुंदरशी पितळी तोटी बसवून द्या, कोण विचारतो! हा दुसरा मोठा गोडबोल्या. त्याने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे.

१९९६ साली माझी एक कादंबरी आली. तिच्यात फलाटावर गाडी उभी आहे, नायिका डब्यात बसली आहे, नायक खाली उभा आहे आणि ‘पुढे इंजिन अस्वस्थपणे भकभक करीत होते’. परीक्षणांत त्या प्रसंगाचे कौतुकही झाले. मग दौंडहून एक पोस्टकार्ड आले, एका निवृत्त फायरमनचे. मजकूर चार ओळींचा. कादंबरी वाचली, चांगली आहे, पृष्ठ त्रेचाळीसवर आपले इंजिन उभे असून भकभक करते, उभे इंजिन भकभक करीत नाही, सुटलेले करते, कळावे.

त्या माणसाच्या चार ओळींत सगळे शास्त्र होते. दट्ट्या ढकलून झालेली वाफ धुराड्यातून वर सोडतात, तिचा तो आवाज. त्या प्रत्येक फुत्काराबरोबर आगीतून हवा ओढली जाते आणि आग फुलते. ‘रॉकेट’च्या यशात पंचवीस नळ्यांइतकाच या युक्तीचा वाटा आहे. चाक फिरल्याशिवाय दट्ट्या हलत नाही, दट्ट्या हलल्याशिवाय भकभक नाही. मी कुर्डूवाडीत लहानाचा मोठा झालो. नॅरोगेजची इंजिने रोज पाहिली, रोज ऐकली. तरी लिहायला बसल्यावर कानांनी ऐकलेले सोडून सिनेमात पाहिलेले लिहिले! दुसऱ्या आवृत्तीत मी ते वाक्य बदलले. परीक्षण लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आले नाही.

मध्यंतरी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी इंजिन मागून नेले. मी हौसेने एक तक्ताही करून दिला: कोणते भाग आधाराने, कोणते अंदाजाने. उद्घाटनाला गेलो तो इंजिनाला झेंडूचा हार, तक्ता गायब, आणि पाटी ‘जगातील पहिले आगगाडीचे इंजिन’. शेजारी जेम्स वॉट आणि किटली. मी संयोजकांना बाजूला घेऊन १८०४ आणि १८२५ सांगितले. ते नम्रपणे म्हणाले, ‘सर, पहिलं म्हटलं की मुलांना बरं वाटतं.’ आणि अंदाजाने केलेले भाग? ‘ते कशाला सांगायचं सर? विश्वास उडतो.’

मला नेमके उलटे वाटते. मुलांना सांगावे की या इंजिनाच्या चारशे बारा भागांपैकी सदतीस भाग कसे होते हे आम्हाला माहीत नाही. मग उरलेल्या तीनशे पंचाहत्तरांवर ती विश्वास ठेवतील. सगळेच ठाऊक असल्याचा आव आणला की सगळेच सारखे होऊन जाते: इंजिन, किटली, हार.

आता एक कबुली. मला ‘रॉकेट’ करायचेच नव्हते. मला करायचे होते आपले इंजिन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तोफांची सलामी. आणि ती ओढणारी तीन इंजिने ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’. एप्रिल आला की ही तिन्ही नावे आपल्याकडे दरवर्षी छापून येतात आणि सोबत कोणत्याही जुन्या इंजिनाचे चित्र. ही इंजिने व्हल्कन फाउंड्रीने न्यूटन-ले-विलोज इथे बांधली. गंमत पाहा: हा कारखाना त्याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गालगत, हस्किसन गेले त्या पार्कसाइडच्या जवळच. त्याच्या सुरुवातीच्या काळात रॉबर्ट स्टीफन्सन भागीदार होता. आपल्या जी. आय. पी. रेल्वेचा सल्लागार अभियंताही तोच, आणि मार्ग बांधणारे जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेले. ‘रॉकेट’ आणि ‘सुलतान’ एका घराण्यातले. पण ‘रॉकेट’चे म्हातारे शरीर तरी उरले. आपल्या तिघांपैकी एकही उरले नाही. मी वर्षभर धडपडलो. खतावणीत पक्क्या नोंदी इतक्या थोड्या झाल्या की बाकी अख्खे इंजिन उचंतमध्ये गेले असते. कादंबरीकार आनंदाने करायला तयार होता. अधिकाऱ्याने सही दिली नाही.

हे सांगताना मी इंग्रजांना किंवा सरकारला दोष देणार नाही. तो अधिकार मी २००४ साली गमावला.

माझे मामा कुर्डूवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. मितभाषी माणूस. कॅलिपर खिशात आणि कानावर पेन्सिल. रोज संध्याकाळी घरी आले की दिवसभरात हाताखालून गेलेल्या भागांची मापे ते एका वहीत टिपून ठेवत: अमुक इंजिन, अमुक बेअरिंग, इतके झिजलेले, इतके भरून घेतले. मी लहानपणी विचारले होते, ‘मामा, हे ऑफिसात लिहीत नाहीत का?’ ते म्हणाले, ‘ऑफिसात काय हवं ते लिहितात रे. इथे काय होतं ते लिहितो.’ १९८८ ला ते निवृत्त झाले. २००४ साली गेले, तेव्हा मी शाखाधिकारी होतो, मार्चअखेर होती. तेराव्याला तेवढा जाऊन आलो. घर आवरताना मामेभावाचा फोन आला, ‘दादा, अण्णांच्या पंचवीस-तीस वह्या आहेत, नुसते आकडे आहेत. काय करू?’

मी म्हणालो, ‘ठेवून काय करणार? रद्दीत दे.’

बँकेत मी दहा वर्षांच्या आतले एक व्हाउचर कधी हलू दिले नाही. आणि ज्या वह्यांत नॅरोगेजच्या इंजिनांची झीज एका जाणत्या माणसाने वर्षानुवर्षे हजारांश इंचात टिपून ठेवली होती, त्या मी एका वाक्यात किलोवर घातल्या. त्या इंजिनांतली काही संग्रहालयांत उभी आहेत, रंगवलेली, चकचकीत. ती कशी चालत, कुठे झिजत, हे त्या वह्यांत होते.

आपल्याला आठवणींचे प्रेम फार, मापांचे अजिबात नाही. मोटेवर मराठीत कविता पुष्कळ आहेत; विहिरीवरची मोट गेल्याचे दुःख करणारे लेख मीही लिहिले आहेत. पण आज एखाद्या मुलाला मोटेची एकास सोळा प्रतिकृती करायला सांगा. नाडा किती जाड, सोंदूर किती लांब, धाव किती उताराची, चाकाचा व्यास किती? आमच्या पिढीने ती रोज पाहिली. मोजली किती जणांनी? लाकडी चरक, हातमाग, खिळे जुळवायचा छापखाना, अगदी तो न्हाणीघरातला बंब: हे सगळे जाताना आपण गहिवरलो, पण टेप घेऊन कुणी पुढे झाले नाही. स्मारक करायला पैसा लागतो, संग्रहालयाला जागा लागते. मोजायला एक माणूस, एक टेप आणि एक वही पुरते. गावोगाव निवृत्त माणसे आहेत, त्यांत माझ्यासारखे बँकवाले तर ढीगभर. आमच्यापैकी प्रत्येकाने मोडीत निघालेले एक यंत्र मोजून, रेखाटून, त्यावर काम केलेल्या माणसाला विचारून लिहून ठेवले, तर नातवंडांना निदान व्हाउचर मिळेल. मी सध्या बहिणीच्या सासरचा जुना लाकडी चरक मोजतो आहे. तिच्या घरच्यांना हा प्रकार विचित्र वाटतो. वाटू दे.

राहता राहिला पहिला प्रश्न. गेल्या कोजागिरीला गच्चीवर रूळ टाकले. सोसायटीतली पाच-सात पोरे आणि त्यांच्यामागे त्यांचे पालक जमले. एका शेजाऱ्यांचा टायरमध्ये हवा भरायचा पंप जोडला आणि मी तोटी उघडली. इंजिन थोडा वेळ नुसते फुसफुसत उभे राहिले. मग बोटाने हलकासा धक्का दिला आणि चाक फिरले. चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार. म्हणजे माझ्या इंजिनाच्या अकरा इंचांत चार. मी कान लावून मोजले. थांबले तेव्हा भकभकही थांबली. एका पोराने विचारले, ‘आजोबा, आता आवाज का नाही येत?’ मी त्याला दौंडच्या पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली.

खतावणीत आता चौतीस नोंदी उचंतमध्ये आहेत, तीन सुटल्या. सध्या टेंडरवरचे पाण्याचे लाकडी पिंप चालू आहे. त्याला लोखंडी पट्ट्या किती होत्या यावर दोन चित्रांचे एकमत होत नाही, म्हणून पिंप तूर्त बिनपट्ट्यांचेच ठेवले आहे.